दिवा मी धरते

डॉक्टर नाव लिहितात, दिवा मी धरते.
वालपराइसोच्या टेकडीवरचा आमचा दवाखाना:
दोन खोल्या, गंजका पत्रा, खाली बंदराचे भोंगे.
पडदा ओढला की जांभळा उजेड पडतो
आणि बुरशी धरलेले केस उजळतात,
कच्च्या सफरचंदासारखे हिरवे.
दर वेळी नाही.

सोमवारी एर्मेलिंदाबाई आल्या.
हनुवटीखाली नाण्याएवढं कडं,
कडेला लाल, खवलेदार; मध्ये निवत आलेलं.
"मांजर पाळता?"
"छे! मला तिटकारा आहे मांजरांचा."
बाई लग्नाचे पोशाख शिवतात.
काळ्या शालीवर आखूड नारिंगी केस होते,
ते काही शिवणाचे धागे नव्हते.
दिव्याला काही दिसलं नाही.
डॉक्टरांनी कडा खरवडून काचेवर घेतली.
मी गप्प.

बुधवारी ओविदियो, कुलपं दुरुस्त करणारा.
मनगटावर तीन कडी, एकीत एक अडकलेली.
"मांजर?"
"घरात मी एकटा."
मग कुणी विचारलेलं नसताना:
"वरच्या बाईला विचारा."
वरची बाई म्हणजे एर्मेलिंदा.
पाण्याच्या टाकीवरून अकरा वर्षं
दोघांचं बोलणं बंद.

शुक्रवारी मावशीचा हात धरून एलिसेओ, वय सात.
टाळूवर टक्कल पडलेलं एक बेट,
दिव्याखाली तुटक्या केसांचे खुंट
हिरवेगार पेटले.
मावशी म्हणाली, "आमच्याकडे मांजर नाही."
पोर म्हणालं, "कापितान आहे की.
रात्री माझ्या उशीवर झोपतो."

मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणतात.
इथे पाजणाऱ्यांनीच मिटले होते.

शनिवारी मी तो जिना चढले.
भर थंडीत एर्मेलिंदाबाईंची खिडकी
वीतभर उघडी.
ओविदियोच्या दाराला खाली छोटी झडप,
रंधा मारून गुळगुळीत केलेली, बिजागरीला तेल.
टेकडीवरच्या प्रत्येक दाराला ज्यानं कुलूप बसवलं
त्यानं या झडपेला साधी कडीसुद्धा लावली नव्हती.

आणि कठड्यावर तो: नारिंगी बोका, डावा कान अर्धा,
अंगावर एक डाग नाही, एक खवला नाही.
असंही असतं.
स्वतः ठणठणीत राहून तो बी वाहत होता
वरून खाली, खालून शेजारी.
गळलेला केस मरतो, केसातलं बी मरत नाही;
उशीच्या अभ्र्यात, ब्रशात, टाचणीच्या गादीत
ते वर्षभरही वाट बघतं
कुणीतरी गाल टेकवण्याची.

एर्मेलिंदाबाई त्याला नवरदेव म्हणत.
ओविदियोनं नाव ठेवलंच नव्हतं,
तो नुसतं "ए" म्हणायचा.

मग मलम, गोळ्या, चादरी उकळणं,
आणि बोक्याला आठवड्यातून दोनदा
चुना-गंधकाच्या पाण्याची अंघोळ.
पिवळं पाणी, नासक्या अंड्यांचा वास,
सगळा जिना नाक धरून.
पुढचे पाय एर्मेलिंदाबाईंकडे, मागचे ओविदियोकडे,
तांब्या एलिसेओच्या हातात.
पहिल्या चार अंघोळी एक अक्षर नाही.
पाचव्या वेळी बोका उसळला.
"नीट धरा!"
"धरलंय."
तेवढंच. टाकीचा विषय अजून तसाच आहे.

सप्टेंबरात माझ्या कोपराच्या लवणीत
एक कडं उमटलं.
डॉक्टर यायच्या आत मी पडदा ओढला,
एका हातात दिवा धरून दुसरा हात त्याखाली नेला.
काही उजळलं नाही. नुसत्या कातडीवर
तो दिवा बहुधा आंधळाच असतो.
मलम लावलं. मग माझाही कागद भरला,
नाव, वय, जागा.
"मांजर पाळता का?" पुढे
नाही, असं लिहिलं,
बाहीवरचे केस झटकले
आणि पडदा उघडला.