पोर्शन किती?

नवी पेठेत ओळख व्हायच्या आधी हाच प्रश्न होतो.
भूगोलाचा पोर्शन किती झाला, राज्यशास्त्राचा किती राहिला,
म्हणून मीही इरफान मुलाणीला तसंच विचारलं,
अभ्यासिकेच्या पायरीवर, तो बुटाची लेस बांधत असताना:
मोबाइल ॲप करायचं तर आधी प्रोग्रॅमिंगचा पोर्शन किती?

इरफान पूर्वी आमच्यातलाच, खुर्ची बारा.
आता हिंजवडीला असतो,
रविवारी धाकट्या भावाला डबा द्यायला येतो.

मी पूर्वपरीक्षेला दोनदा बसलो, दोनदा उठलो.
मग बर्गेकाकांनी मला टेबलामागे बसवलं.
रात्री दहा ते सकाळी सहा, रजिस्टर सांभाळायचं:
कोण आलं, कोण गेलं, कुणाची फी थकली,
आणि कुणी घोरायला लागलं तर
त्याच्या खांद्याला हळूच हात लावायचा.
चौसष्ट खुर्च्या. उरलेली रात्र माझी.

त्या उरलेल्या रात्रीत चौदा महिने शिकत होतो.
अप्पा बळवंत चौकातून निम्म्या किमतीत आणलेलं जावाचं पुस्तक,
आधीच्या मालकाच्या पेन्सिलीच्या रेघा पान एकेचाळीसपर्यंत,
पुढे कोरं करकरीत.
मी शेवटपर्यंत रेघा मारल्या.
मग दुसरी एक भाषा निघाली, सोपी म्हणे.
मग कुणी म्हणालं, आधी डेटाबेस.
मग माझं मलाच वाटलं, गणित कच्चं आहे.
शंभरपर्यंतच्या मूळ संख्या मी सहा प्रकारांनी छापल्या,
जुन्या लॅपटॉपनं सहाही वेळा धापा टाकल्या,
पण फोनच्या पडद्यावर माझं म्हणावं असं
एक बटणसुद्धा नव्हतं.

इरफान उभा राहिला.
म्हणाला, व्हेरिएबल येतं? अट घालता येते? लूप? फंक्शन?
यादीत दहा वस्तू ठेवून सातवी काढता येते?
लाल अक्षरं आली की शेवटपर्यंत वाचतोस,
की खिडकी बंद करतोस?
मी म्हणालो, बंद करतो.
तेवढं सोड, म्हणाला. बाकी पुष्कळ झालंय.
आणि गाडीला किक मारता मारता:
तुला बनवायचंय काय?

चौदा महिन्यांत हे कुणी विचारलं नव्हतं.
मीसुद्धा.
आत खिळ्याला रजिस्टर लटकत होतं,
सुतळीनं बांधलेल्या पेनासकट.

अकरा रात्री लागल्या.
काही बघून केलं, काही विचारून,
काही तर का चाललं ते न कळताच चाललं.
हिरवा चौकोन म्हणजे खुर्ची रिकामी, लाल म्हणजे भरलेली. बस्स.
बाराव्या पहाटे तृप्ती वाघचौरे टेबलापुढे, हातात फोन:
माझी खुर्ची कुठंय यात?

बघितलं तर खरंच नव्हती.
खुर्ची शून्य होती, जी अभ्यासिकेत नाही, हिरवीगार,
आणि त्रेसष्टला सगळं संपत होतं.
यंत्र शून्यापासून मोजतं
हे मी पेन्सिलीनं दोनदा अधोरेखित केलेलं, पान एकशे बारा.
पण पान एकशे बारावर
वाशीमहून आलेली, महिन्याचे बाराशे आगाऊ भरलेली,
थर्मास घेऊन उभी असलेली कुणी नव्हती.

एकानं चुकलं, मी म्हणालो.
ती लगेच हसली नाही.
माझंही, म्हणाली. गेल्या वर्षी. एका मार्कानं.

मी एक मिळवला. इथे मिळवता येतो.
चौसष्ट उगवली, लाल झाली,
तृप्ती तिच्या कोपऱ्यात जाऊन बसली.

शून्य मात्र काढून टाकली नाही.
टेबलामागची ही प्लॅस्टिकची, एक पाय आखूड,
खाली पुठ्ठ्याची घडी. हिला कधी नंबरच नव्हता.
रात्री दहाला तिच्यावर बोट ठेवतो,
लाल होते.
पोर्शन अजून पुष्कळ बाकी आहे.