लागेल कधीतरी

माळ्यावरून आधी खाली आलं झुरळ,
मग धूळ,
मग पिंपळगावच्या द्राक्षांचे नऊ खोके.
द्राक्षं कधीच खाऊन झाली,
खोके राहिले,
आणि खोक्यांत राहायला आलेली
आमची सत्तावीस वर्षं.

सिडकोतलं हे रो-हाऊस विकलंय.
चार तारखेला पाथर्डी फाट्याच्या फ्लॅटमध्ये जायचंय.
तिथे माळा नाही.
बिल्डर म्हणाला, हल्ली कोणी मागतच नाही.

मी स्टुलावर, हे खाली.
मी एकेक वस्तू द्यायची,
ह्यांनी ती पुसायची,
खिडकीच्या उजेडात धरायची
आणि म्हणायचं,
असू दे, लागेल कधीतरी.

मायकोतून रिटायर होताना मिळालेलं घड्याळ, बंद.
वाकडे झालेले आणि ठोकून सरळ केलेले
डबाभर खिळे.
मिक्सरची तीन भांडी, मिक्सर गेल्यानंतरची.
गॅरंटी कार्डं,
ज्यांच्या कंपन्यांचीही गॅरंटी संपली.
सात झाकणं.
भांडी कुठे गेली देव जाणे,
झाकणं मात्र एकात एक,
डोकी हरवलेल्या टोप्यांसारखी.

आणि दोन हजार तीनच्या सिंहस्थातला
पाच लिटरचा कॅन, गंगेच्या पाण्याचा.
(गोदावरी म्हणायला आम्ही शाळेत शिकलो,
घरी गंगाच.)
पाणी वीसेक वर्षं झाकून ठेवलं
तर त्याचं तीर्थ होतं की शेवाळ
यावर अर्धा तास भांडलो.
शेवटी कढीपत्त्याला घातलं.
ह्यांनी तेवढ्यात हात जोडले,
आणि रिकामा कॅन काखेत मारला.

अकराच्या सुमारास बोहारीण आली.
मला वाटलं होतं, ही जमातच संपली.
नाव केराबाई. डोक्यावरची पाटी उतरवली,
तांब्याभर पाणी प्यायली
आणि ओट्यावर बसून
माझं आयुष्य उलटंसुलटं करून बघू लागली.
हिला फॉल नाही.
ह्या पँटीला गुडघा नाही.
आणि ही पैठणी नव्हे ताई,
ही पैठणीची शेजारीण.

नवव्या खोक्याच्या तळाशी
पिवळा स्वेटर होता, वीतभर.
एक बाही पुरी, एक अर्धी,
सुया तशाच अडकलेल्या.

ह्यांनी तो पुसला नाही.
उजेडात धरला नाही.
काही म्हणाले नाहीत.

केराबाईनेही विचारलं नाही, कोणाचा.
सुया काढून माझ्या हातात दिल्या
आणि घासाघीस करता करता
गुडघ्यावर लोकर उसवायला लागली.
अकरा साड्या, चार पँटी, दोन पातेली द्या.
दोन कुठली, एक.
मग मोठं द्या.
मोठ्याला अजून दोन साड्या पडतील.
ती पिवळी ओळ पळत होती, वळत होती,
पुन्हा पळत होती,
मी साड्या मोजत राहिले, चुकले, पुन्हा मोजल्या.
सौदा मिटला तेव्हा
स्वेटर संपला होता.
गुंडा तिने माझ्याकडे एकदा पाहून
पाटीत ठेवला. अगदी वर,
दबणार नाही असा.

संध्याकाळी घर घुमत होतं.
खोकला तरी दुसऱ्या खोलीतून परत येत होता.
भंगारवाला सकाळी यायचा होता,
पोतं दाराशी बांधून ठेवलेलं.
नव्या पातेल्यात दूध तापवलं आणि लक्षात आलं,
बोहारणी झाकण देत नाहीत.

पोत्याची गाठ सोडली.
पहिलं मोठं झालं.
दुसरं आत पडलं.
तिसरं, चौथं नुसतीच डुगडुगली.
पाचवं बसलं,
खट्ट,
जणू ह्याच पातेल्याची वाट बघत
माळ्यावर पडून होतं.

बाहेर हे खोके चपटे करत बसले होते.
काय गं वाजलं, म्हणाले.

काही नाही, म्हटलं.