उजवा पाय

तुझ्लातल्या शाळेची व्यायामशाळा. छतापासून लोंबणारे दोर,
कोपऱ्यात हवा गेलेले बास्केटबॉल, हीटर नुसताच खाकरतो.
आम्ही अकरा जण. नऊ बायका, मी,
आणि खाणीतला इस्मेत, जो आडवा होत नाही,
दाराकडे तोंड करून खुर्चीवर बसतो, बूट घालून.
येसेंका त्याला काही म्हणत नाही.

ती म्हणते, डोळे मिटलेच पाहिजेत असं नाही.
म्हणते, हात पोटावर ठेवा, नाहीतर नका ठेवू.
सत्तर वर्षांत मला ‘नाहीतर नका’
कोणी म्हणाल्याचं आठवत नाही.

मग एकेका अवयवाची हजेरी.
कपाळ. जबडा. खांदे.
उजव्या पोटरीपाशी मी अडतो.
दगड. तीस वर्षांचा.

मेव्लिदाला विचारा. पलंगाच्या पायथ्याला तिनं
उशी बांधलीय, जुन्या रुमालानं,
कारण झोपेत मी फळी दाबत राहतो.
एक फळी मोडली. दुसरी जाड करून घेतली.
सुतार हसला. मीही हसलो.

मी बस चालवायचो.
ते वळण, नदीकाठचे पॉप्लर,
रस्त्यात आडवी घातलेली ट्रॉली,
वर केलेला एक हात.
मी ब्रेक दाबला.
कोणीही दाबला असता, असं सगळे म्हणतात.
मीही म्हणतो, दाढी करताना, आरशाला.
चौदा पुरुष उतरवले.
एकानं उतरता उतरता तिकिटाचे सुटे मागितले.
मी दिले. मोजून.
मग ‘चल’ म्हणाले, आणि मी गाडी काढली.
मागे बायका, पोरं, आणि रिकामी आसनं.

हे येसेंकाला सांगितलेलं नाही. तिनं विचारलंही नाही.
एवढंच म्हणाली, पाठीवर झोपा, गुडघे दुमडा,
आता हळूच बाहेरच्या बाजूला सोडा,
थरथर आली तर येऊ द्या.

मांडीत काहीतरी सुटलं.
कडाक्याच्या थंडीत इंजिन घेतं तसे झटके,
मग पोटरी, मग टाच चटईवर टकटक, टकटक.
लाज वाटली.
शेजारची हास्निया डोळे न उघडता म्हणाली,
माझी हनुवटी अशीच हलायची. हलू दे.

या गावाखालून मीठ उपसलं, वर्षानुवर्षं.
घरं खचली, रस्ते कलले.
पायाखालची जमीन सरकणं
इथं नुसता वाक्प्रचार नाही.
खड्ड्यात आता तळं केलंय, उन्हाळ्यात पोरं डुंबतात.
त्यातून मला काही शिकायचं नाही.
पाणी खारट आहे, इतकंच.

त्या रात्री उशी जागच्या जागी राहिली.
मेव्लिदानं सकाळी दोनदा जाऊन पाहिलं, बोलली नाही.
चहात साखर मात्र जास्त पडली.
दुसऱ्या रात्री फळी पुन्हा कुरकुरली.

आसन म्हणजे मुळात बसायची जागा,
येसेंकानं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.
मी अजून चौदा मोजतो.

गुरुवारी पुन्हा चढ चढतो.
कुठे निघालास, शेजारी विचारतात.
पाय मोकळा करायला, म्हणतो.
एकच.

इस्मेतनं आज वाकून बुटाची नाडी सोडली.
बूट काढला नाही.
बराच वेळ तसाच बसला,
नाडी जमिनीवर.