शेजारचा रेडिओ

इल्मारीच्या कुऱ्हाडीखाली रेडिओ आला,
माणूस नव्हे. बहीण म्हणून हे मी
ओउलूच्या कोर्टात तीनदा सांगितलं.
नोंद झाली: नुकसान, धमकी, हत्यार.

रेडिओ त्याचं नाव घेत होता, रात्रभर.
आरोग्यकेंद्राला अकरा फोन; तारीख मिळाली एप्रिलची.
पोलीस मात्र वीस मिनिटांत आले,
भर बर्फातून.

हेल्वीबाई आता दाराला दोन कड्या लावतात.
त्यांना मी काय म्हणू? मीही तर
घरातल्या सुऱ्या उशीखाली घेऊन झोपायचे.

काल भेटीला गेले. गोळ्यांनी जीभ जड झालेली.
म्हणाला, बटाटे काढायला जाईन, पैसे साठवीन,
त्यांना नवा घेऊन देऊ.

मग, हळूच:
पण आधी तू ऐकून बघशील ना?