जोडीदाराची पिशवी

नोंदणीच्या टेबलामागच्या बाईंनी
माझ्या गळ्यात बिल्ला अडकवला.
वर मार्लिसचं नाव, लग्नाआधीचं, ठळक.
खाली बारीक अक्षरांत: जोडीदार.
माझं नाव लिहायला जागा उरली नव्हती.
पिशवीतून रेशमी रुमाल निघाला,
करडा नि सोनेरी, बायकांनी गळ्याला बांधायचा.
"आम्हाला वाटलं, जोडीदार म्हणजे..." बाई अडखळल्या.
"असू दे," मी म्हटलं, "रंग शोभतो मला."

"तुमची तुकडी कुठली?"
दुपारपर्यंत अकरा जणांनी विचारलं.
मी सांगायचो, डुलुथमध्ये हार्डवेअरचं दुकान आहे माझं.
बिजागऱ्या, कुलपं, खिळे वजनावर.
मग ते खांद्यावर थाप मारून
माझ्या पलीकडे बघत राहायचे,
मार्लिसचा खरा नवरा मागून येत असल्यासारखे.

घरी ही बाई कपाटांची दारं उघडी टाकते.
अंथरूण कधी आवरत नाही.
"आता तपासायला कोण येतंय?" म्हणते.
आणि इथे, मैदानाच्या कडेला,
पोरापोरींची पहिली रांग वळली मात्र,
तिच्या टाचा आपोआप जुळल्या.
एकतीस वर्षं शेजारी झोपतोय.
हा आवाज मी ऐकला नव्हता.

खाली हडसन, राखी, संथ,
एक मालवाहू तराफा ओढत निघालेली.
"पहिल्या वर्षी मी या नदीकडे बघितलंच नाही," ती म्हणाली.
"मान वळवायची परवानगी नव्हती."

रात्री तंबूत जेवण. मांस जरा चिवट,
भाषणं त्याहून.
गेलेल्यांची नावं वाचली, सगळे उभे राहिले,
कुणाचा तरी श्रवणयंत्राचा चिरका आवाज
शेवटपर्यंत थांबला नाही.
मग काठी टेकत एक जण आमच्या टेबलाशी आला.
व्हिटकॉम. डोक्यावर एक केस नाही,
हात थरथरतायत, पण दारूने नाही.
"मार्लिस," तो म्हणाला, "त्या डिसेंबरात
तपासणीच्या सकाळी तुझ्या बुटांत
काळं ग्रीस भरलं होतं ना कुणी...
तो मी. मुली आल्या म्हणून चिडलो होतो.
माझ्या नातीने आता इथे अर्ज केलाय."
आणि तो उभाच राहिला,
बिल पुढे करून सुट्ट्या पैशांची वाट बघणाऱ्या
गिऱ्हाइकासारखा.

मार्लिसने काटा खाली ठेवला.
"ते बूट माझे नव्हते, व्हिटकॉम.
फीबीचे होते."

फीबी कोण, त्याला आठवेना.
मलाही हे नाव नवीन होतं.
त्याने आमच्याकडे पाहिलं, मग काठीकडे,
"ती आलीये का?" त्याने विचारलं.
"ती जानेवारीतच गेली," मार्लिस म्हणाली,
"घरी."

म्हणून ती कुठल्याच यादीत नव्हती.
जिवंतांच्या नाही, गेलेल्यांच्याही नाही.
मार्लिसने त्याला खुर्ची ओढून दिली.
माफ केलं का, मला कळलं नाही.
पाव पुढे केला एवढं खरं.

मोटेलमध्ये रात्री दीडला जाग आली
तर दिवा चालू. पलंगाच्या कडेला बसून
ती माझा रुमाल घडी करत होती,
कोपऱ्याला कोपरा, नखाने कड दाबून,
मोडायची, पुन्हा करायची.
"आमच्या खोलीत दोन पलंग होते," ती म्हणाली.
"तिचा मी आवरायचे. तिला कोपरे जमायचे नाहीत."
मी काही बोललो नाही.
गंजलेल्या कुलपावर जोर करायचा नसतो,
तेल सोडायचं आणि थांबायचं.

रविवारी निरोपाची न्याहारी आम्ही बुडवली.
गाडीत बसल्यावर मी बिल्ला काढला,
तर म्हणाली, "राहू दे अजून."
मग बऱ्याच वेळाने, पेनसिल्व्हेनियात कुठेतरी,
रस्त्याकडे बघतच:
"ओहायोत सँडस्की म्हणून गाव आहे.
फार वाकडी वाट होईल का?"

मी नकाशा बघितला. बरीच वाकडी होती.
"नाही," मी म्हटलं, "वाटेवरच आहे."