पारड्याखालची चिंच

एकतीस वर्षं मी वजनंमापं तपासली,
जांभळी नाक्यापासून पार शहापूरच्या बाजारापर्यंत.
लोखंडी किलोच्या पोटातलं शिसं,
लिटरच्या मापाचं आत ठोकलेलं बूड,
आणि पारड्याखाली चिकटवलेली
चिंचेची एवढीशी गोळी,
जी बोटांना सापडते, डोळ्यांना नाही.

आता नौपाड्यात, तिसरा मजला, लिफ्ट नाही.
हेमलता खाली उतरून चार महिने झाले.
मी उतरतो ते कठड्याशी तडजोड करत.
मूलबाळ नाही. भाचा आहे, समंजस, कोइमतूरला.
तोच म्हणाला, मामा, हल्ली सल्लागार असतात,
तुमच्यासारख्यांना राहायला जागा शोधून देतात.
‘तुमच्यासारख्यांना’ जरा हळू म्हणाला.

पहिला आला घोडबंदर रोडवरून, बुटांसकट आत.
टॅबवर बोट सरकवत:
बाग, योगा, बाग, मंदिर, बाग.
गुडघ्यांचं विचारलं नाही, बजेटचं विचारलं.
अंकल म्हणाला नऊ वेळा.
मी मोजत होतो. सवय.

दुसरे वाशीचे, फोनवरच. आवाज तुपातला.
‘आमची सेवा अगदी मोफत, कर्णिकसाहेब.’
जो वरून मूठभर फुकट घालतो
त्याच्या दुकानात मी नेहमी जास्त वेळ थांबायचो.

तिसरी फर्झाना तुंगेकर, कौशाहून स्कूटरने.
हेल्मेट कुठे ठेवू, हे विचारून ठेवलं.
मी सरळच म्हटलं:
बाई, तुमच्या पारड्याखाली चिंच किती?
ती हसली नाही. थोडा वेळ घेतला,
मग म्हणाली, आहे.
तुम्ही जिथे जाल ती जागा मला
महिन्याच्या भाड्याएवढे पैसे देते. सगळ्या नाही देत.
ज्यांच्यापुढे फुली, त्या देतात.
ज्यांच्यापुढे नाही, त्याही यादीत आहेत. मोजून घ्या.
मी मोजल्या. सात आणि चार.

एवढ्यावर मी शिक्का मारणार होतो.
पण तिने खुर्ची वळवली पलंगाकडे.
काकू, आता तुमचं सांगा.

हेमलताला कुणी विचारलंच नव्हतं.
माझ्या कागदावर होतं:
दोन व्यक्ती, शांतता, हॉस्पिटल जवळ.

बोंबील, हेमलता म्हणाली.
म्हणजे?
म्हणजे बुधवार-रविवार. नसतील तर मांदेली.
पंचाहत्तर वर्षांचं तोंड आता सात्त्विक व्हायचं नाही.
फर्झानाने पेन काढलं.
सहा जागा एका रेघेत गेल्या, सगळ्या बागांच्या.
त्यांत चार फुलीवाल्या. मी पाहिलं.

मग उशीचं टोक सरळ करत हेमलता म्हणाली,
आणि दोघांतलं एक गेलं की
खोली तीच राहते, का बदलावी लागते?

पंखा तेवढा ऐकू आला.

दोन ठिकाणी बदलतात, फर्झाना म्हणाली.
बाकीच्यांचं विचारते. लेखी आणते.
‘लेखी’वर मी मान हलवली खरी.
पण दुसरं पारडं काढून घेतलं
तर पहिलं किती खाली जातं,
ते नोंदवायला आमच्या वहीत
रकानाच नव्हता.

रविवारी पहिली जागा, पनवेलच्या पुढे.
फर्झाना म्हणत होती अकराला जाऊ, त्यांना कळवून.
कळवायचं नाही, हेमलता म्हणाली.
साडेबाराला. ताटं वाढत असतील तेव्हा.
हे ती कुठे शिकली, मला ठाऊक आहे.

जिन्यावरून खुर्ची उतरवायला
वॉचमनला सांगितलंय, आणि शेजारच्या राजेंच्या मुलाला.
मी जुनं भिंग पिशवीत टाकलं.
तिने शेजारी एक लिंबू टाकलं.
असले बोंबील, तर त्यांच्याकडे
लिंबू असेलच असं नाही, म्हणाली.