अकरा दिवसांचं पाणी

डेल्फिना आर्चुलेटा खुब्याच्या ऑपरेशनसाठी अल्बुकर्कीला गेली
तेव्हा तिच्या घराची किल्ली माझ्याकडे होती,
आणि मांजर, आणि टपाल.
बागेबद्दल ती काहीच बोलली नव्हती.
आता वाटतं, तेच सांगणं होतं.

मी लुइझियानाचा. आमच्याकडे बूट रात्रभर बाहेर राहिला
तर सकाळी त्यात बेडूक.
चाळीस वर्षं मी पंप दुरुस्त केले,
शहरातलं पाणी उपसून नदीत टाकणारे.
इकडे सोकोरोला आलो तर नदीच कोरडी,
आणि शेजारणीचं अंगण म्हणजे नुसती खडी;
खडीत राखाडी झुपके,
पानं अशी आवळलेली, जशी रागावलेल्या माणसाची मूठ.

मला दया आली.
दया आली की माझा हात नळाकडे जातो.

रोज सकाळी पाइप. रोज संध्याकाळी पाइप.
सातव्या दिवशी पानं तरारली,
फोटो काढून पाठवणार होतो, म्हटलं राहू दे,
आल्यावर बघेल.
नवव्या दिवशी एक पेनस्टेमन आडवं पडलं.
तहान असेल. आणखी पाणी.
दहाव्या दिवशी ओढलं तर अलगद हातात आलं,
मुळाशी काळं, मऊ,
आणि वास
पूर ओसरल्यावरच्या आमच्या घराचा.

अकराव्या दिवशीही मी पाणी घातलंच.

ती आली. वॉकर खडीत रुतवत
एकेका झुपक्यापाशी थांबली,
जशी पूर्वी थांबायची लोकांच्या दारातल्या मीटरपाशी.
एकतीस वर्षं गावाचं पाणी मोजलं तिने;
कुणाकडे बाळ आलं, कुणाचा नवरा निघून गेला,
आकड्यावरून ओळखायची.
माझ्या चिखलाचाही आकडा तिने काढलाच असणार.
म्हणाली, "ऑरिन, मांजर जाड झालंय."

मग जूनमध्ये, अगदी सहज, खुर्चीत बसून
नर्सरीतून आणलेलं एक रोप माझ्या हातात दिलं.
पहिल्या वर्षी आठवड्यातून एकदा, पण खोलवर.
दुसऱ्या वर्षी महिन्यातून. मग हात आवरायचा.
"वरच्या वर रोज पाजलंस तर वरच बसून राहतं.
खाली काय आहे ते शोधायला कशाला जाईल?"
खत नको. भुसा नको. खडी.
मी मान हलवत होतो.
सोळांपैकी अकरा गेली होती. मी मोजली होती.

शेडमागे एक उरलं होतं,
तिथवर माझा पाइप पोचत नव्हता.
अगास्टाचे. नारिंगी तुरे, चुरडलं तर बडीशेपेचा वास.
जुलैच्या शेवटी ते भरभरून फुललं
आणि एक दिवस आवाज आला,
बेअरिंग गेलेल्या छोट्या मोटरसारखा.
मी खरंच मोटर शोधू लागलो.

हमिंगबर्ड.
तांब्याच्या रंगाचं, एका पेनीहून जेमतेम जड,
अलास्काच्या बाजूने मेक्सिकोकडे निघालेलं,
हवेत टाचणीने टोचून ठेवल्यासारखं.
तुऱ्यावर दोन केसाळ भुंगे आधीपासून होते,
त्यांना त्याने हाकललं. एवढासा जीव, केवढी मालकी!
भुंगे पलीकडून परत आले.

डेल्फिनाने मला हाताने खाली वाकवलं.
मी सांगणार होतो, खरंच. "ती सगळी मीच..."
"माहितेय," ती म्हणाली. "शू."

ऑक्टोबरात अकरा खड्डे खणले. मी खणले,
ती बसून ओरडत होती.
आता जानेवारी आहे. वर काहीच नाही,
काड्या, खडी, थोडं दहिवर.
बहुवर्षायु, ती म्हणते, तुझ्या-माझ्यासारखी नव्हेत.
रोज सकाळी जाऊन उभा राहतो तिथे,
दोन्ही हात
खिशात घालून.